एक थाप माफ : साय-फाय पिक्चर डोकं चालू ठेवून कसा बघायचा

माझे एक काका फिजिक्स शिकवायचे, आता रिटायर झालेत, आणि त्यांच्या शेजारी बसून साय-फाय पिक्चर बघणं ही शिक्षा आहे असं घरातल्या सगळ्यांचं ठाम मत आहे. ‘द मार्शियन’ लावला होता एकदा, सुरुवातीलाच मंगळावर ते भयानक वादळ येतं, अँटेना उडतो, हिरो मागे राहतो, आम्ही सगळे श्वास रोखून बसलोय आणि हे शांतपणे म्हणतात, "तिथली हवा आपल्या हवेच्या एक टक्कासुद्धा नाही, त्या वाऱ्यावर पतंग उडायची मारामार." झालं. सगळ्यांनी मिळून त्यांना गप्प केलं. मला वाटलं आता दोन तास हेच ऐकायचंय, पण काका पुढचा अख्खा पिक्चर एक शब्द न बोलता बघत राहिले, बटाट्याला कोंब फुटला तेव्हा तर चक्क पुढे सरकून बसले. नंतर विचारलं की काका, वादळ चाललं कसं तुम्हाला, तर म्हणाले, "मी वर्गात पोरांना एक थाप माफ करायचो. वही विसरली, ताप आला, काय वाट्टेल ते सांग, वर्षातून एक. दुसऱ्या थापेला वर्गाबाहेर. पिक्चरला पण तोच नियम."

तेव्हापासून मी सगळे साय-फाय पिक्चर याच नियमाने बघते, आणि ‘मला नाही बाबा कळत ते साय-फाय’ म्हणणाऱ्यांना हेच सांगते. माझ्या एका मैत्रिणीचं म्हणणं अगदी उलटं आहे, ती म्हणते डोकं घरी ठेवून यायचं आणि मजा घ्यायची. मला नाही पटत. डोकं घरी ठेवलं की ‘इंटरस्टेलर’ काय आणि दोन तास बिल्डिंगा पाडणारा कुठलाही पिक्चर काय, सगळं सारखंच, मोठा आवाज आणि भरपूर धूळ. तर पद्धत सांगते, मग तुम्हीच ठरवा.

आधी थाप पकडायची

पिक्चर सुरू झाला की पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत एकच काम, थाप कुठली ते ओळखायचं. सोपी ट्रिक म्हणजे ‘समजा’ने सुरू होणारं एक वाक्य मनात तयार करायचं. समजा माणूस मेला की त्याची आठवणींसकट नवी कॉपी छापून काढता आली तर, हा झाला ‘मिकी १७’. समजा फोनमधली असिस्टंट खरंच विचार करायला लागली, तिला हसूबिसू यायला लागलं तर, हा ‘हर’. एका श्वासात वाक्य पूर्ण झालं म्हणजे पिक्चर बनवणाऱ्याला आपण काय सांगतोय ते नीट माहितीये असं समजायचं. तीन-तीन ‘समजा’ लागत असतील तर जरा सावध, आणि वाक्य बनतच नसेल तर एकतर तुमचं लक्ष फोनमध्ये होतं किंवा पिक्चरमध्ये काही नाहीये.

गंमत म्हणजे बऱ्याचदा आपण भलतीच गोष्ट थाप समजून बसतो. ‘द मार्शियन’ (२०१५) बघून लोक विचारतात मंगळावर बटाटे कसे येतील, अरे पण थाप ती नाहीच, थाप वादळाची आहे. ज्या कादंबरीवर पिक्चर आहे तिच्या लेखकाने, अँडी वीअरने, स्वतःच सांगितलंय की असं वादळ मंगळावर होऊ शकत नाही हे त्याला लिहिताना माहिती होतं, पण माणसाला तिथे एकटं पाडायला काहीतरी हवं होतं. म्हणजे थाप मारली ती जाणूनबुजून, पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, आणि त्यानंतर मात्र हिशेब चोख, जेवण किती दिवस पुरेल, पाणी कुठून आणायचं, पृथ्वीवर मेसेज पोचायला किती मिनिटं लागतील. बटाट्याच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच आहे, मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट नावाचे विषारी क्षार सापडलेत, २००८ मध्ये नासाच्या फीनिक्स यानाला, म्हणजे माती आधी धुवून घ्यायला लागेल. काकांनी ते सोडून दिलं. आणि तिथलं गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्केच असताना सगळे जण घरच्या अंगणात चालल्यासारखे चालतात, ती दुसरी थाप धरायची का यावर आमच्याकडे अजून एकमत झालेलं नाही.

‘ग्रॅव्हिटी’ (२०१३) तसाच. त्यात तुकड्यांचा मारा सुरू होतो, एक सॅटेलाइट फुटला की त्याच्या तुकड्यांनी दुसरा फुटणार, दुसऱ्याच्या तुकड्यांनी तिसरा, ते पटत नाही लोकांना, पण ती भीती खरी आहे, डोनाल्ड केसलर नावाच्या नासाच्या शास्त्रज्ञाने १९७८ मध्येच ती मांडली होती. थाप आहे ती हबल दुर्बिणीपासून स्पेस स्टेशनपर्यंत पाठीवरच्या जेटने जायची. पिक्चर आला तेव्हा हबल साधारण साडेपाचशे किलोमीटरवर, स्टेशन ४०० च्या आसपास, आणि नुसती उंची नाही तर कक्षांचा तिरकेपणाच वेगळा, एकीचा साडेअठ्ठावीस अंश आणि दुसरीचा ५१.६, तिथे वळायला लागणारं इंधन पाठीवर मावणारच नाही. पण ते एकदा गिळलं की बाकीचा पिक्चर कसला प्रामाणिक आहे, बाहेर स्फोट होतायत आणि आवाज शून्य, कारण आवाज न्यायला हवाच नाही, ऐकू येतं ते फक्त हिरॉइनच्या सूटमधून हाताला जाणवलेली थरथर. हेडफोन लावून बघा, तो सीन असा अंगावर येतो की बस.

‘इंटरस्टेलर’ला जरा जास्त वेळ देते

कारण यावर घरात सगळ्यात जास्त भांडणं झालीयेत. २०१४ चा पिक्चर, आणि दहा वर्षांनी थिएटरमध्ये परत लागला तेव्हाही गर्दी. पाण्याच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवर सात वर्षं, हे ऐकून बरेच जण म्हणतात काय फेकतोय हा डायरेक्टर नोलन. पण ती थाप नाही! जिथे गुरुत्वाकर्षण जास्त तिथे घड्याळ हळू चालतं हे रोजच्या वापरातलं विज्ञान आहे, तुमच्या फोनमधला मॅप ज्या जीपीएस सॅटेलाइटवर चालतो त्यांची घड्याळं रोज जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, आणि ती दुरुस्ती केली नाही तर मॅप दिवसाला दहाएक किलोमीटरने चुकत जाईल. पिक्चरमध्ये तेच ताणून ताणून टोकाला नेलंय. तासाला सात वर्षं व्हायची तर तो ग्रह ज्याच्याभोवती आहे ते कृष्णविवर, म्हणजे प्रकाशसुद्धा गिळणारं ब्लॅक होल, जवळजवळ शक्य तेवढ्या कमाल वेगाने फिरत असायला हवं, आणि तो हिशेब किप थॉर्न यांनी घातलाय, जे पिक्चरचे वैज्ञानिक सल्लागार होते आणि ज्यांना पुढे २०१७ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या कामासाठी नोबेल मिळालं.

ते कृष्णविवर दिसतं कसं त्याचीही एक गोष्ट आहे. थॉर्न यांनी समीकरणं दिली, व्हीएफएक्सवाल्यांनी त्यावरून सॉफ्टवेअर लिहिलं, काही फ्रेम बनायला शंभर-शंभर तास लागले, आणि जे दिसलं त्यावर नंतर रीसर्च पेपर छापले गेले. त्यातही एक छोटी लबाडी आहे हं. कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तापलेल्या वायूच्या तबकडीची जी बाजू आपल्याकडे येते ती जास्त उजळ दिसायला पाहिजे आणि लांब जाणारी मंद, पिक्चरमध्ये दोन्ही बाजू सारख्याच चमकतात, कारण एकीकडे झुकलेलं चित्र बघून लोक गोंधळतील असं वाटलं म्हणून ते मुद्दाम काढून टाकलं. एप्रिल २०१९ मध्ये खऱ्या कृष्णविवराचा पहिला फोटो आला, त्यात कडं एका बाजूला जाड आणि उजळ आहे. काकांनी मला तो फोटो पाठवला होता, खाली फक्त एवढंच लिहून की ‘बघ’.

मग थाप कुठेय? तर शनीजवळचं ते वर्महोल, म्हणजे अंतराळातला शॉर्टकट बोगदा, आणि कृष्णविवराच्या आत गेल्यावर जे काही होतं ते. वर्महोल ठीक, लवकर सांगितलंय. आतलं मात्र पार शेवटी येतं, आणि वर ते प्रेमाचं डायमेन्शन वगैरे सुरू झालं तेव्हा काका पाणी प्यायला उठून गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. त्यांच्या हिशेबाने ती दुसरी थाप, वर्गाबाहेर. माझं म्हणणं असं की पहिल्या दहा मिनिटांतच मुलीच्या खोलीतल्या शेल्फवरून पुस्तकं पडतात, म्हणजे थाप आधीच ठेवलेली होती टेबलावर, आपणच बघितली नाही. हा वाद मिटणार नाही आणि मिटू पण नये.

यातून दुसरा नियम मात्र निघतो, थाप कधी मारली ते बघायचं. पहिल्या अर्ध्या तासात मारलेली थाप म्हणजे खेळाचा नियम, शेवटच्या अर्ध्या तासात मारलेली म्हणजे रडीचा डाव. हिरो पार अडकलाय, व्हिलन समोर उभा, आणि अचानक कुणीतरी सांगतं की आपल्याकडे एक मशीन आहे जे हे सगळं उलटं फिरवतं. मग दोन तास काय करत होतात? असे पिक्चर ढिगाने येतात, नावं घेत बसत नाही, तुमच्या डोक्यात एव्हाना दोन-तीन आलीच असतील.

बाय द वे, कृष्णविवर हा शब्द मराठी वाचकाला नवा नाहीच. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारायण विनायक जगताप अशा खोट्या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, जी कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं तिचं नावच ‘कृष्णविवर’. ‘इंटरस्टेलर’ यायच्या चाळीस वर्षं आधी आपल्याकडे ब्लॅक होल कागदावर येऊन गेलं होतं.

काळाची गडबड असली की कागद-पेन घ्या

हो, खरंच घ्या, हसू नका. टाइम ट्रॅव्हलच्या पिक्चरमध्ये प्रेक्षक हरवतो त्याचं कारण विज्ञान अवघड असतं हे नाही, तर पिक्चर कुठल्या प्रकारचा खेळ खेळतोय हे आपण ठरवलेलं नसतं. साधारण तीनच प्रकार आहेत. पहिला, जे झालं ते झालं, भूतकाळात गेलात तरी जे आधीच घडलंय तेच तुमच्या हातून घडणार, ‘टेनेट’ (२०२०) हा तसला. दुसरा, भूतकाळात ढवळाढवळ केली की नवीन फाटा फुटतो आणि जुना फाटा आपल्या जागी तसाच राहतो, ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ (२०१९) मध्ये हेच आहे आणि त्यात जुन्या टाइम ट्रॅव्हल पिक्चरांची टर पण उडवलीय. तिसरा, पाटी पुसून परत पहिल्यापासून, मेला की पुन्हा सकाळ, ‘एज ऑफ टुमॉरो’ (२०१४) बघा, फार मजा येते आणि डोकं अजिबात दुखत नाही, सुरुवात करायला उत्तम.

प्रकार ओळखायला एकच प्रश्न विचारायचा, आत्ता हिरोने काही बदललं तर पुढे काही बदलणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर मग टेन्शन ‘आता काय होईल’ याचं नसतं, ‘हे झालं कसं’ याचं असतं, आणि आपण भलत्याच टेन्शनमध्ये बसलो की बोअर होतं. मी ‘टेनेट’ला नेमकी हीच चूक केली, आता जग वाचतं का नाही याची वाट बघत बसले आणि बाहेर पडताना डोकं भणभणत होतं. दुसऱ्यांदा बघताना एका कागदावर मधोमध रेघ मारली, सरळ जाणारी माणसं वर लिहिली आणि उलट्या काळातून येणारी खाली, आणि अर्ध्या तासात लक्षात आलं की अरे, तो कॉरिडॉरमधला मारामारीचा सीन आपल्याला दोनदा दाखवलाय, दोन्ही बाजूंनी. तेव्हा जी मजा आली ती पहिल्यांदा आलीच नव्हती. त्या पिक्चरमध्ये एक शास्त्रज्ञ बाई हिरोला सांगते की समजून घ्यायचा प्रयत्न करू नको, नुसतं जाणवून घे. मी म्हणेन, बाईंचं ऐकू नका. आणि सबटायटल लावाच, त्यातले डायलॉग आवाजात बुडतात ही तक्रार जगभर झालीये, तुमचे कान ठीक आहेत.

थापेचा भुर्दंड कोणाला

थाप पकडली, वेळेवर मारलीये हेही बघितलं, आता सगळ्यात महत्त्वाचं, त्या थापेमुळे पिक्चरमधल्या माणसांचं काय होतं. इथे साय-फाय चांगला का फालतू ते ठरतं. नुसती भारी कल्पना कुणालाही सुचते, दुपारी झोपेतून उठल्यावर मला पण सुचतात.

‘मिकी १७’ (२०२५) घ्या. माणूस परत छापता येतो, बरं मग? डायरेक्टर बोंग जून-हो लगेच तिथून हिशेबाला लागतो, परत छापता येतो म्हणजे त्याच्या मरणाची किंमत शून्य, म्हणजे सगळ्यात घाणेरडी कामं त्यालाच देणार, औषधं त्याच्यावर टेस्ट करणार, आणि वर सगळे येऊन विचारणार की मरताना कसं वाटतं रे. मूळ कादंबरीचं नाव ‘मिकी ७’ होतं, पिक्चरमध्ये त्याला आणखी दहा वेळा मारलंय. मला पिक्चरचा दुसरा भाग पसरट वाटला, तो पुढारी आणि त्याची बायको जरा अतीच करतात, पण ‘मरताना कसं वाटतं’ हा प्रश्न लोक किती सहज विचारतात ते बघून पोटात कालवतं.

‘हर’ आला २०१३ मध्ये. तेव्हा बघताना वाटलं होतं कोण प्रेमात पडणार आहे सॉफ्टवेअरच्या, आणि आता आजूबाजूला लोक चॅटबॉटला रात्री दोन वाजता आपलं दुःख सांगतायत. (इथे थोडा स्पॉयलर आहे, बघायचा राहिला असेल तर पुढचं वाक्य सोडा.) त्यात एका क्षणी हिरो त्या असिस्टंटला विचारतो की आत्ता माझ्याशी बोलताना तू अजून कोणाशी बोलतेयस का, आणि ती खरं खरं सांगते, ८,३१६ जणांशी, आणि त्यातल्या ६४१ जणांवर तिचं प्रेम आहे. तो मेट्रोच्या पायऱ्यांवर बसलेला असतो, येणारे-जाणारे सगळे आपापल्या फोनशी बोलत असतात, बस, एवढंच. एक स्फोट नाही, एक रोबो नाही.

‘एक्स मशिना’ पण याच रांगेतला. एक प्रोग्रामर, एक मालक, एक यंत्र-मुलगी आणि जंगलातलं एक बंद घर. ॲलन ट्यूरिंगने १९५० मध्ये सुचवलेल्या टेस्टमध्ये समोर माणूस आहे का मशीन ते दिसतच नाही, इथे मात्र ती मशीन आहे हे पहिल्या भेटीतच दिसतंय, हातापायातून वायरी दिसतायत, आणि तरीही तुम्हाला तिच्याबद्दल वाटतं का, हा सवाल आहे. बघताना दर सीनला स्वतःला विचारा, परीक्षा नक्की कोणाची चाललीये. माझं उत्तर तीनदा बदललं.

मोठा पडदा का घरचा

सगळे साय-फाय थिएटरमध्येच बघायला पाहिजेत असं काही नाही, उगाच पैसे घालवू नका. साधी कसोटी अशी की पिक्चरमधली जागाच जर कॅरेक्टर असेल तर मोठा पडदा. ‘ग्रॅव्हिटी’, ‘इंटरस्टेलर’, ‘ब्लेड रनर २०४९’, दोन्ही ‘ड्यून’. ‘ब्लेड रनर २०४९’ (२०१७) घरी बघितला तर झोप लागायची पूर्ण शक्यता आहे, १६३ मिनिटं आणि सगळं सावकाश, पण मोठ्या पडद्यावर तो नारिंगी धुरळा तुम्हाला गिळतो. रॉजर डिकिन्स या कॅमेरामनला १४ व्या नॉमिनेशनला पहिलं ऑस्कर मिळालं ते याच पिक्चरला. उलट ‘हर’ आणि ‘एक्स मशिना’ चेहऱ्यांचे पिक्चर आहेत, रात्री एकट्याने हेडफोन लावून घरी बघा, जास्त लागतात. आयमॅक्समध्ये जाणार असाल तर फार पुढे बसू नका, मधल्या रांगांच्या थोडं मागे आणि मधोमध, म्हणजे वर-खाली उघडणारं चित्र मान न वळवता दिसतं. ‘अवतार : द वे ऑफ वॉटर’ १९२ मिनिटांचा आहे, बाकी तुम्ही समजदार आहात.

‘ड्यून’बद्दल वेगळं सांगायला लागेल, कारण तिथे लोक पहिल्या दहा मिनिटांत नावांनीच घाबरतात. घराणी, ग्रह, पदव्या, भविष्यवाण्या, सगळं एकदम अंगावर येतं आणि कुणी समजावून सांगत बसत नाही. काही पाठ करू नका. तीन गोष्टी धरून ठेवा, एक घराणं आहे ज्याला वाळवंटी ग्रह दिलाय, त्या ग्रहावर मसाला मिळतो ज्याच्यावाचून ताऱ्यांमधला प्रवास होत नाही, आणि तिथे आधीपासून राहणारी माणसं आहेत ज्यांना कोणी विचारलेलं नाही. एवढ्यावर दोन्ही भाग कळतात. बाकी गोष्टी डोळ्यांनी टिपा, अंगातला घाम गाळून परत प्यायचं पाणी करणारा तो सूट कोण कसा घालतं यावरून कोण बाहेरचा आणि कोण इथला ते कळतं. आणि इतक्या पुढच्या काळात कुठेच कम्प्युटर नाही हे लक्षात आलं का? हिशेब विचारला की एक माणूस डोळे पांढरे करून आकडा सांगतो. फ्रँक हर्बर्टच्या १९६५ च्या कादंबरीत त्याचं कारण आहे, फार पूर्वी माणसांनी विचार करणाऱ्या यंत्रांविरुद्ध युद्ध केलं आणि ती कायमची बंद केली, पिक्चरमध्ये हे कुणी धड सांगतच नाही. थाप न सांगता नुसती दाखवून चालवून घेणं, याला हिंमत लागते. फक्त २०२१ चा पहिला भाग एकटा बघू नका, तो मधेच थांबतो, २०२४ चा दुसरा तयार ठेवा, दोन्ही मिळून पाच तास एकवीस मिनिटं, रविवार मोकळा ठेवायचा.

पैसा किती ओतला यावरून मात्र काही ठरवू नका. ‘गॉडझिला मायनस वन’ (२०२३) चे इफेक्ट ३५ जणांच्या टीमने केले, ६१० शॉट, डायरेक्टर ताकाशी यामाझाकी स्वतःच इफेक्टचा सुपरवायझर, आणि ऑस्कर घेऊन गेले. ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’चे बरेचसे इफेक्ट तर पाचेक जणांनी केलेत. त्यातला माझा सगळ्यात आवडता सीन म्हणजे डोंगराच्या कड्यावर दोन दगड नुसते बसलेत, आवाज नाही, हालचाल नाही, पडद्यावर अक्षरं उमटतात तेवढीच, आणि थिएटरमध्ये लोक एकदम हसत आणि रडत होते. याला किती खर्च आला असेल हो?

बघून झाल्यावर

लगेच फोन काढून ‘एंडिंग एक्स्प्लेन्ड’ शोधू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. एक रात्र जाऊ द्या. सकाळी उठल्यावरही जो प्रश्न डोक्यात शिल्लक असेल तोच खरा, बाकीचे झोपेत विरघळून जातात. ट्रेलरचं पण तेच, पहिला बघा, दुसरा-तिसरा नको, त्यात थाप फोडलेली असते आणि बऱ्याचदा शेवटसुद्धा. नव्या माणसाला सोबत घेऊन बघणार असाल तर आधी ‘एज ऑफ टुमॉरो’, मग ‘द मार्शियन’, मग ‘ग्रॅव्हिटी’, आणि ‘टेनेट’ सगळ्यात शेवटी, नाहीतर तो माणूस परत तुमच्यासोबत पिक्चरला येणार नाही. मी एक गमावलाय असा.

आणि ‘अरायव्हल’ (२०१६) चं नाव मी आत्तापर्यंत मुद्दाम घेतलं नव्हतं, कारण आमचा थापेचा नियम तिथे आपटला. काकांना लावून दिला होता. परग्रहावरचे आलेत, एक भाषातज्ज्ञ बाई त्यांची भाषा शिकतेय, ते हवेत शाईसारखी गोल अक्षरं काढतात, काका नेहमीप्रमाणे थाप शोधत बसलेले. अर्धा तास झाला, एक तास झाला, मला म्हणतात, "परग्रहवासी सोडले तर हिने अजून थाप मारलीच नाहीये, ही शेवटी मारणार बघ, वर्गाबाहेर." मी काही बोलले नाही. शेवटी थाप आली, आणि काका एकदम गप्प. पाणी प्यायला पण उठले नाहीत. नावं वर जायला लागली तरी तसेच बसून होते, मग म्हणाले, "सुरुवातीला ती बाई आठवणींबद्दल काहीतरी बोलते ना, ते परत लाव बरं."

लावलं. पहिली चार-पाच मिनिटं आम्ही दोघांनी पुन्हा बघितली, ती आणि तिची मुलगी. काकांनी पॉज करायला सांगितलं, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं की गं तिने."

अकरा वाजून गेले होते, तरी आम्ही तो परत पहिल्यापासून लावला.